तीन थांब्यांचा एक दिवस

आपल्या वयाच्या माणसाने ‘मी एकटी जाऊन येते’ असे म्हटले की घरात प्रथम शांतता पसरते. मग कुणीतरी ‘कशाला उगाच?’ असे म्हणते. त्यानंतर गुडघे, रक्तदाब, मागच्या वर्षीचे न्हाणीघरातले घसरणे, या साऱ्यांची उजळणी होते. यातला एकही शब्द द्वेषाने उच्चारलेला नसतो, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते.

माझे वय सत्तर. यजमानांना पक्षाघात झाल्यापासून सहा वर्षे मी त्यांच्या खाटेपासून चार तासांहून अधिक दूर गेले नव्हते. ते गेले, वर्ष उलटले, आणि एक दिवस ध्यानात आले की आता घरी परतण्याची कुणी वाट पाहत नसतानाही मी घड्याळ पाहूनच भाजी आणायला जाते. ज्यांनी दीर्घकाळ कुणाची शुश्रूषा केली आहे त्यांना ही सवय ठाऊक असेल. रुग्ण जातो, पण त्याची वेळापत्रके आपल्या अंगात राहतात. ती मोडण्यासाठी मला एक दिवस हवा होता. तो सोबतीचा, समारंभाचा वा दवाखान्याचा दिवस नको होता. निव्वळ स्वतःच्या पायांनी जाऊन येण्याचा हवा होता.

नातवाचा खेळ आणि आजीचा कागद

या प्रवासाची आखणी मला शिकवली ती अमेरिकेतल्या नातवाने, आणि तीही नकळत. त्याला ‘डिस्क गोल्फ’ नावाच्या खेळाचा नाद आहे. ताटलीसारखी चकती फेकायची, लांबवर लोखंडी खांबाला साखळ्या लोंबकळत असतात, त्या साखळ्यांना आपटून चकती खालच्या टोपलीत पडली पाहिजे. अशा बहुधा अठरा टोपल्या एका मैदानात असतात. कमीत कमी फेकांत सारे मैदान संपवायचे. कॅलिफोर्नियात १९७५ साली पहिले कायमचे मैदान आखले गेले आणि आता तिकडच्या सार्वजनिक उद्यानांत ही मैदाने पुष्कळ झाली आहेत. खेळताना चालणे फार होते आणि जोडीदार असलाच पाहिजे असेही नाही. आमचे चिरंजीव सुटीच्या दिवशी एकटेच निघतात आणि एका दिवसात तीन मैदाने खेळून परततात.

मी सहज विचारले, ‘‘अरे, तीन तीन मैदाने कशी जमतात?’’ तो म्हणाला, ‘‘आजी, सगळ्यात अवघड मैदान सकाळी, पाय ताजे असताना. अंतर मोजायचं नाही, वेळ मोजायचा. आणि तिसरं मैदान नेहमी सोडता येईल असं ठेवायचं. ते झालं तर झालं.’’

फोन ठेवल्यावर मी जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर ही तीन वाक्ये लिहून काढली. मग त्यांखाली तीन नावे लिहिली : प्रकाशा, उनपदेव, सारंगखेडा.

आपला जिल्हा, आपल्या टप्प्यात

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा म्हटला की पाहुण्यांना तोरणमाळच आठवते. तोरणमाळ सुंदर आहेच. यशवंत तलावाच्या काठी बसून सातपुड्याचा वारा अंगावर घ्यावा हे मलाही मोहवते. पण घाटाची वळणे, उंचीवरची थंडी आणि परतीच्या वाहनाची चिंता हे एकट्या वृद्ध माणसाच्या पहिल्या प्रवासाला साजेसे नाही. पहिला प्रवास असा असावा की कुठल्याही टप्प्यावरून तासा-दीड तासात मोठ्या गावी पोहोचता यावे. प्रकाशा हे नंदुरबार-शहादा रस्त्यावरच आहे. उनपदेवचा गरम पाण्याचा झरा शहाद्याकडून सातपुड्याच्या पायथ्याशी गेले की लागतो. सारंगखेडा शहाद्याहून दोंडाईच्याच्या वाटेवर, तापीच्या काठी. तिन्हींच्या मध्यभागी शहादा, तिथे दवाखाने, औषधांची दुकाने, बसस्थानक. माझ्या नकाशाचा खुंटा मी शहाद्यालाच ठोकला.

महिना निवडला जानेवारीचा. खानदेशचा उन्हाळा तरुणांनाही सोसवत नाही. आपल्यासाठी कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस खरे. त्यातही यात्रेचे दिवस वगळावेत. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे, आणि महाशिवरात्रीला व श्रावणी सोमवारी प्रकाशाला रीघ लागते. हौस असेल त्याने मुलाबाळांसह त्या दिवशी जरूर जावे. एकट्याने जायचे तर साधा मंगळवार-बुधवार बरा.

तीन आठवडे आधी मी सराव सुरू केला. घरापासून शिरीषकुमारच्या स्मारकापर्यंत रोज संध्याकाळी चालत जायचे आणि यायचे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी आपल्या गावात गोळीबारात हुतात्मा झाले. शाळेत शिकवत असताना दरवर्षी मी ही कथा मुलांना सांगत असे. स्मारकाशी मात्र कधी निवांत उभी राहिले नव्हते. पहिल्या आठवड्यात रिकाम्या हाताने, दुसऱ्या आठवड्यात पाण्याची बाटली घेऊन, तिसऱ्या आठवड्यात प्रवासात न्यायची तीच पिशवी खांद्याला लावून गेले. चालताना बोलता आले पाहिजे, एवढाच वेग. बोलताना धाप लागली तर वेग कमी करायचा. डॉक्टरांना भेटून बेत सांगितला, गोळ्यांची यादी त्यांच्याकडून तपासून घेतली.

घरातला करार

मुलगा पुण्यात असतो. तो म्हणाला, ‘‘आई, मी गाडी करून देतो ना. ड्रायव्हर सोबत राहील.’’ सूनबाई म्हणाल्या, ‘‘आई, तुम्ही थोडं थांबा, उन्हाळ्याच्या सुटीत आपण सगळेच जाऊ.’’ मी दोघांनाही म्हटले, ‘‘तुमच्यासोबत मी येईनच. पण हा दिवस वेगळा आहे.’’

शेवटी वाद मिटला तो करारावर. काळजी करू नका असे सांगून काळजी थांबत नाही; काळजीला धरायला काहीतरी द्यावे लागते. मी कागदाची एक प्रत मुलाला पाठवली. कोणत्या वेळी कुठे असेन, कुठून किती वाजता फोन करीन, आणि कितीही मन झाले तरी दुपारी तीननंतर पुढे न जाता परतीला लागेन, हे त्यावर होते. डोंगराच्या पायथ्याशी फोन लागेलच असे नाही, म्हणून ‘उनपदेवला तासभर फोन न लागल्यास घाबरू नये, दीड तास झाल्यास शहाद्यातील अमुक नातेवाइकांना कळवावे’ असेही लिहिले. त्याने आपल्या बाजूने एकच मान्य केले : ठरलेल्या वेळेखेरीज तो फोन करणार नाही. मला वाटते, करारातले हेच कलम त्याला सर्वांत जड गेले असावे.

प्रकाशाच्या पायऱ्या

सकाळची बस घेतली. एस.टी.त महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही निम्मे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. वयाचा पुरावा मात्र हाताशी ठेवावा.

गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. या दिवसांत नंदुरबारच्या वेशीवर जमीन दिसत नाही, नुसती लाल मिरची पसरलेली असते. दृश्य डोळ्यांत साठवावे, पण दम्याच्या माणसाने नाकाला रुमाल लावावा; त्या वाऱ्यात ठसका असतो. शेजारच्या बाईंनी विचारले, ‘‘कथा चालनी माय?’’ मी म्हटले, प्रकाशाला. ‘‘एकलीच?’’ या दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणताना, खरे सांगते, मला थोडा संकोच वाटला. जणू एकटे असणे ही चूकच होती.

तापीचा पूल ओलांडला की प्रकाशा. येथे गोमाई तापीला मिळते. या गावाला दक्षिणकाशी म्हणतात, आणि काशी करून आल्यावर येथे आल्याखेरीज यात्रा पुरी होत नाही अशी श्रद्धा आहे. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी महादेवाची देवळे येथे आहेत. पण या मातीचे वय देवळांहूनही मोठे. १९५५ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी येथील टेकाड उत्खनले, तेव्हा ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. म्हणजे आपण ज्या काठावर क्षणभर टेकतो, तिथे हजारो वर्षे माणसे पाणी भरायला उतरत आली आहेत.

नातवाच्या नियमाप्रमाणे सर्वांत अवघड काम प्रथम होते, आणि माझ्यासाठी ते घाटाच्या पायऱ्या. पायऱ्या चढताना छाती लागते, उतरताना गुडघे. उतरताना घाई झाली की पडण्याचा धोका अधिक. मी काठी घेतली होती. उतरताना प्रथम काठी, मग दुखरा पाय, मग चांगला; चढताना प्रथम चांगला पाय, मग दुखरा पाय व काठी. शेवाळलेल्या, ओल्या पायरीवर पाऊल ठेवायचे नाही, मग पाणी हाताला लागो वा न लागो. मी पाण्यापासून चार पायऱ्या वरच थांबले. तापी बंधाऱ्यामुळे भरलेली, संथ होती. यजमानांच्या नावाने तिथूनच हात जोडले. आठवणींनी गळा दाटेल असे वाटले होते; प्रत्यक्षात मला भूक लागली. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढून खाल्ली. ठरल्या वेळी मुलाला फोन केला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

उनपदेवला झालेली चूक

आता जे सांगणार आहे ते न सांगता हा लेख अधिक सुबक झाला असता. पण आपल्यापैकी पुष्कळ जणी हीच चूक करीत असतील, म्हणून सांगणे भाग आहे.

सकाळपासून मी पाणी जवळजवळ प्यालेच नव्हते. बाटली भरलेली होती, तहानही होती. पण वाटेत स्वच्छतागृह मिळेल न मिळेल या धास्तीने मी घोट घेऊन बाटली बंद करीत होते. बायकांना ही सवय इतकी जुनी असते की ती सवय आहे हेही कळत नाही. त्यात माझ्या रक्तदाबाच्या औषधांतली एक गोळी लघवी वाढवणारी आहे. ती सकाळी घेतलेली.

शहाद्यात उतरून एक रिक्षा जाऊन-येऊन ठरवली, थांबण्याचा वेळ धरून पैसे आधीच बोलून घेतले. उसाची आणि केळीची शेते मागे पडली, सातपुडा जवळ आला. उनपदेवचा झरा बारमाही वाहतो. थंडीच्या दिवसांत त्या ऊन पाण्यात पाय सोडून बसण्याचे सुख शब्दांत मांडणे कठीण. पाण्यात हात घालून ऊब तपासली आणि पाय सोडले. समोर डोंगर, कानावर पाण्याचा आवाज. कुणाची तरी गोळी द्यायची राहिली आहे, हा सहा वर्षांचा धाक प्रथमच कुठे जाणवला नाही. मी किती वेळ बसले ते पाहिलेच नाही.

मग रिक्षा खोळंबली असेल असे आठवले आणि मी झटकन उठले. डोळ्यांपुढे काळोख आला. पुढचे एवढेच आठवते की एका पावरा बाईने माझ्या दंडाला धरले आणि ‘बस, बस’ म्हणत मला खाली बसवले. तिच्या डोक्यावर जळणाची मोळी होती, ती केव्हा खाली टाकली कोण जाणे. माझे डोके सावलीकडे करून ती शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने मी बाटली उघडली आणि हळूहळू अर्धी संपवली. तिने नाव सांगितले नाही, मीही विचारण्याच्या स्थितीत नव्हते. मी सावरल्यावर तिने मोळी उचलली आणि निघून गेली.

पुढे डॉक्टरांनी समजावले ते असे. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात. अंगात पाणी कमी, त्यात लघवी वाढवणारे औषध. बराच वेळ बसून एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते, मेंदूला क्षणभर पुरवठा कमी पडतो. म्हातारपणी शरीर ही तूट चटकन भरून काढू शकत नाही. म्हणून उठण्याची एक रीत लावून घ्यावी : आधी पाय पाण्याबाहेर काढून बसावे, घोटे दहा वेळा वरखाली हलवावेत, मग आधार धरून उभे राहावे आणि अर्धा मिनिट तिथेच थांबून पाऊल टाकावे. पहाटे अंथरुणातून उठतानाही हीच रीत उपयोगी आहे. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी ऊन पाण्यात पाय सोडूच नयेत; चटका बसला तरी कळत नाही. आणि भोवळीसोबत छातीत दुखणे, बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले, तर ‘थोडे बसून पाहू’ म्हणू नये. तत्काळ १०८ ला फोन करावा.

सोडलेला तिसरा थांबा

शहाद्याला परतले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. घड्याळाप्रमाणे सारंगखेडा सहज जमत होते. तेथील एकमुखी दत्ताचे दर्शन यजमानांना घ्यायचे होते, ते राहून गेले होते. मनात होते की त्यांच्या वतीने आपण जाऊन यावे. अंगातही आता बरे वाटत होते. नेमके अशाच वेळी माणूस स्वतःशी खोटे बोलतो.

पिशवीतून कागद काढला. ‘तिसरे सोडता येईल असे ठेवावे.’ हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिले होते, पण त्याची खरी किंमत ते पाळण्याची वेळ आली तेव्हा कळली. बसस्थानकाजवळ लिंबू-साखर-मिठाचे पाणी घेतले (मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे), आणि नंदुरबारची बस धरली. वाहक म्हणाला, ‘‘आजी, पुढं बसा, हादरे कमी लागतात.’’

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता : मुलाला सांगायचे की नाही? बसमध्ये मी बराच वेळ विचार केला. सांगितले तर तो म्हणेल, आता पुरे. न सांगितले तर दिवस निर्मळ राहील, पुढच्या वेळी आडकाठी येणार नाही. पण यजमानांच्या आजारपणात मी हेच अनुभवले होते. दुखते आहे हे ते लपवीत आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रयत्न करी. पुढे पुढे त्यांच्या ‘बरे आहे’वर माझा विश्वासच उरला नाही. माझ्या ‘बरे आहे’ची तशी गत होऊ नये असे वाटले.

घरी पोहोचून चहा घेतला आणि सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग तो म्हणाला, ‘‘तू परत फिरलीस ना, ते बरं केलंस. उद्या डॉक्टरांकडे जाऊन ये. पुढच्या वेळी पाण्याचं लिहून ठेव कागदावर.’’ त्यातल्या ‘पुढच्या वेळी’ या शब्दांपाशी मी थांबले. परवानगी मागितली नव्हती, तरी ती मिळाली होती.

जे काळजी घेतात त्यांच्यासाठी

घरातल्या वृद्ध माणसाला एकट्याने कुठे जावेसे वाटणे हा हट्ट नव्हे, आणि तुमच्यावरचा रागही नव्हे. ‘जाऊ नका’ म्हणण्याऐवजी ‘कागद दाखवा’ म्हणा. पाणी कुठे प्यायचे आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे दोन प्रश्न संकोच न करता विचारा. ते विचारले नाहीत तर आई पाणीच पिणार नाही. फोनच्या वेळा ठरवा आणि मधल्या वेळात फोन करू नका. आणि काही बिनसल्याचे त्यांनी सांगितले तर पहिला शब्द रागाचा नसावा. रागावलात, तर पुढच्या वेळचे तुम्हाला कळणारच नाही.

पिशवीत काय असावे

दोन बाटल्या पाणी, आणि दर तासाला पेलाभर पिण्याची फोनमध्ये लावलेली आठवण (ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी त्यांच्या सल्ल्याप्रमाणे). दुपारच्या गोळ्या आणि एक दिवसाच्या जास्तीच्या. गोळ्यांची नावे, आजार, रक्तगट व घरच्यांचा क्रमांक लिहिलेला कागद वरच्याच कप्प्यात. मधुमेह असल्यास साखरेच्या पुड्या. रुमाल, सुट्टे पैसे, ओळखपत्र, काठी. फोनमध्ये १०८ आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ हे दोन क्रमांक.

माझा कागद अजून फाडलेला नाही. प्रकाशा आणि उनपदेव यांच्यापुढे खुणा केल्या आहेत. सारंगखेड्यापुढे फेब्रुवारीतला एक बुधवार लिहिला आहे, आणि त्याखाली, मुलाने सांगितल्याप्रमाणे, ‘पाणी’.